काशीस जावे, नित्य शोधावे

‘काशीस जावे, नित्य वदावे’ असं आपल्याकडे म्हणत आले. जाणं जमो न जमो, बोलत राहावं. आता हे वदणं फोनमधल्या रिकाम्या चौकटीत होतं. या हिवाळ्यात आईला घेऊन वाराणसीला जायचं ठरलं, तेव्हा महिनाभर मीही तेच करत होतो: गाडी, खोली, दर्शनाची रांग.

आम्ही ब्रह्मा घाटाजवळ उतरलो. दुर्गा घाट, पंचगंगा, ब्रह्मा घाट हा मराठी कुटुंबांचा जुना शेजार. पहिल्या संध्याकाळी आईनं आपला फोन माझ्या हातात दिला. “आरती किती वाजता असते ते बघ रे.” चौकटीला बोट लावलं आणि तिचे जुने शोध खाली उलगडले. एकादशी कधी. गुडघेदुखीवर तेल. आणि त्याखाली: ‘काशीत शेवटचे दिवस राहायची सोय’.

अशी सोय इथे आहे. गोदौलियाजवळचं मुक्तिभवन, अस्सीकडचं मुमुक्षु भवन. काशीत देह ठेवावा म्हणून माणसं तिथे येत आली आहेत. मी आरतीची वेळ सांगितली आणि फोन परत दिला. रात्रभर झोप लागली नाही.

वर्षअखेरीस गूगल शोधांची यादी जाहीर करतं, ती मी आवडीनं वाचतो. क्रिकेट, सिनेमा, निवडणुकीचे निकाल. वाचून मित्रांमध्ये म्हणतो, “बघा, लोकांना हेच हवं असतं.” त्या रात्री या वाक्याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

कारण ती यादी तसं सांगतच नाही. तिच्यात येतं ते सर्वांत जास्त शोधलेलं नव्हे, तर आदल्या वर्षीच्या मानानं ज्याचा शोध एकदम वाढला ते. गूगल ट्रेंड्सवरचा आलेखही असाच. सर्वांत उंच टोक १०० धरायचं आणि बाकीचे आकडे त्याच्या प्रमाणात मांडायचे. दरवर्षी तितक्याच संख्येनं लोक गुडघेदुखी शोधत असतील, तर वार्षिक यादीत तिला जागा नाही. जे कायम दुखतं ते यादीत दिसत नाही. दिसतं ते अचानक उसळलेलं.

शिवाय विचारणारा कशासाठी विचारतो, हेही त्यात नसतं. २००८ मध्ये गूगलनं शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधायला सुरुवात केली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतला त्यांचा अंदाज सरकारी आरोग्यखात्याच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला. बातम्यांनी धास्तावलेली धडधाकट माणसंही लक्षणं शोधत असावीत, असं एक स्पष्टीकरण पुढे आलं. २०१५ मध्ये ते अंदाज प्रसिद्ध करणं थांबलं.

आणखी एक प्रकरण मला राहून राहून आठवत होतं. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या कंपनीनं संशोधकांसाठी म्हणून सुमारे ६,५०,००० ग्राहकांचे तीन महिन्यांतले जवळपास २ कोटी शोध जाहीर केले. नावांच्या जागी क्रमांक होते. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी नुसत्या शोधांवरून एका क्रमांकामागची वयस्क बाई हुडकून काढली. तिच्या शोधांत आजारांची रांग होती. वाचणाऱ्याला वाटावं, किती व्याधींनी पोखरलेली बाई! पण त्यांतले बरेच आजार तिच्या मैत्रिणींचे होते. ती त्यांच्यासाठी शोधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीर्थोपाध्यांकडे गेलो. त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लाल कापडात बांधलेली लांबोळकी वही काढली. बऱ्याच वेळानं माझ्या आजोबांची सही सापडली. सोबत कोण आलं होतं, मुलं किती, सगळं त्यांच्याच अक्षरात. आई कितीतरी वेळ त्या अक्षरावर बोट ठेवून बसली.

मला वाटलं, हीसुद्धा माणसांची नोंदच. पण आजोबांनी ती जाणूनबुजून दिली. समोर उपाध्ये बसले होते, आणि ही वही पुढे आपली नातवंडं वाचणार हे त्यांना ठाऊक होतं. आईनं ते शब्द लिहिले तेव्हा तिच्या समोर कोणीच नव्हतं. म्हणूनच कदाचित तिनं ते लिहिले. ते तिच्या मुलानं वाचावेत असं तिनं कधी ठरवलं नव्हतं. लाखो लोकांचे असे शब्द एकत्र करून आपण त्याला ‘लोकांची आवड’ म्हणतो, तेव्हा आपण न विचारता दुसऱ्याचा फोन हातात घेतलेला असतो. साथ कुठे पसरते आहे हे कळण्यासाठी ते उपयोगी असेलही. पण त्यावरून माणसांना नावं ठेवायचा हक्क मिळत नाही. प्रश्न म्हणजे कबुली नव्हे.

मग मी तरी काय करायचं होतं? पाहिलं ते न पाहिल्यासारखं करायचं, की विचारायचं?

संध्याकाळी आरतीसाठी नावेनं दशाश्वमेधाकडे निघालो. मणिकर्णिकेच्या चिता दिसू लागल्या. मी म्हणालो, “आई, काल तुझ्या फोनवर मी एक वाचलं. मुद्दाम नाही.” तिला लगेच कळलं.

“ते होय. अरे, तुझ्या आत्यानं विचारलं होतं. तिला कुठे फोनवर लिहिता येतं?”

मला हायसं वाटलं. नाव थोडी पुढे गेली. पदर सावरत ती पाण्याकडे बघून म्हणाली, “आणि खरं सांगू, मलाही बघायचंच होतं.”

“काय बघायचं होतं?”

ती बोलू लागली. आरती सुरू झाली तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं.