टाळीचे ऋण

धावणारा धावतो आणि छाती आपली फुलते. घाम त्याचा, पाय त्याचे, पहाटेची थंडी आणि वर्षानुवर्षांचा संयम त्याचा. तो जिंकला की मात्र 'आपण जिंकलो' असे आपण म्हणतो. हा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि ज्या दिवशी तो मागे पडतो त्या दिवशी 'आपण हरलो' असे न म्हणता 'तो हरला' असे आपण का म्हणतो? प्रश्न खेळाचा वाटला तरी तो नीतीचा आहे, आणि आमच्या मते तो प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाच्या उंबरठ्याआतला आहे.

परदेशी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आपला खेळाडू उतरतो तेव्हा हा प्रश्न राष्ट्रध्वजाआड झाकला जातो. राष्ट्रीय निवड स्पर्धेत ती सोय नसते. तेथे आठही मार्गिकांत आपलीच लेकरे उभी असतात. एकाच्या नावाचा जयघोष करताना उरलेल्या सातांविषयी आपण मौन पाळत असतो. जून २०२४ मध्ये पंचकुला येथे भरलेली राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धा ही पॅरिस ऑलिंपिकपूर्वीची अखेरची मोठी कसोटी होती. त्याच्या महिनाभर आधी आपल्या मराठवाड्यातील, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तेजस शिरसे याने फिनलंडमध्ये ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.४१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला होता. ऑलिंपिकची पात्रता वेळ होती १३.२७ सेकंद. हे अडथळे त्याच्याहून वेगाने कोणा भारतीयाने तोवर ओलांडले नव्हते, तरी पॅरिसचे दार त्याला उघडले नाही. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे याने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे १८.१२ सेकंदांत धावून आपलाच राष्ट्रीय विक्रम मोडला. तथापि प्राथमिक फेरीतूनच त्याला परतावे लागले. विक्रम आणि अपयश एकाच क्षणी, एकाच माणसाच्या वाट्याला आले. अशा वेळी टाळी वाजवायची की नाही, हे केवळ निकाल पाहणाऱ्याला कधीच ठरवता येणार नाही.

काही भाविक मंडळी विचारतात, की या धावपळीत मन गुंतवणे हाच मुळी काळाचा अपव्यय नव्हे काय? संत पौलाला तसे वाटले नसावे. करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे आणि विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल त्याच धावपटूंचा दाखला देऊन, न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावण्यास सांगतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय तर आणखी एक पाऊल पुढे जातो. तेथे धावणारे आपण आहोत, आणि आपल्या सभोवती पूर्वी धाव पुरी केलेल्या श्रद्धावंतांचा मेघ आहे. त्यांना तो लेखक प्रेक्षक म्हणत नाही, साक्षीदार म्हणतो. मूळ ग्रीक भाषेत साक्षीदाराला जो शब्द आहे, तोच पुढे ख्रिस्तसभेने आपल्या हुतात्म्यांसाठी वापरला. प्रेक्षक निकाल पाहतो, साक्षीदार माणूस पाहतो. प्रेक्षकाचे काही खर्च होत नाही. साक्षीदाराला मात्र पदरचे काही द्यावे लागते.

असे देणे आपल्या समाजाने पूर्वी दिले आहे. वांद्र्याची मेरी डिसोझा १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवडली गेली तेव्हा प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. तेथील मित्रमंडळींनी पत्त्यांच्या खेळाचे व नृत्याचे कार्यक्रम योजून पैसे उभे करण्यास हातभार लावला. हेलसिंकीत १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यतींत तिला पहिल्या फेरीपलीकडे जाता आले नाही. दोन वर्षांनी मनिला येथील आशियाई स्पर्धेत ४ × १०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघींत ती होती, आणि पुण्याची स्टेफी डिसोझाही होती. पण मनिलाचे सुवर्ण नसते तर वांद्रेकरांचे ते पैसे वाया गेले असते काय? आम्हांस तसे वाटत नाही. ते एका मुलीच्या धावण्यावर ठेवलेल्या विश्वासाचे दान होते. आणि ज्याची परतफेड व्हावीच लागते, त्याला दान म्हणत नाहीत.

डेकॅथलॉनच्या मैदानावर हे पाहणे अधिक चांगले शिकता येते. दोन दिवस, दहा प्रकार; १०० मीटरपासून सुरुवात आणि १५०० मीटरने शेवट. दहाही प्रकारांत पहिला येणारा माणूस सहसा सापडत नाही. आपला तेजस्विन शंकर मूळचा उंच उडीचा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने ७६६६ गुणांनी डेकॅथलॉनचे रौप्य मिळवले. अशा खेळाडूचा चाहता एका उडीवरून वा एका फेकीवरून निवाडा करू शकत नाही. त्याला दोन दिवस थांबावे लागते, उणे-अधिक सोसावे लागते. शेवटची शर्यत संपली की सारे स्पर्धक, पहिला आणि शेवटचाही, एकत्र येऊन प्रेक्षकांना अभिवादन करतात, अशी या खेळाची रीत आहे. आपली मुले दहावीच्या एका निकालावर मोजणाऱ्या आईबापांनी ही रीत जरूर पाहावी.

आमच्या हिमायतनगर परिसराला ऑलिंपिक दूर असेल, पण निवड चाचणी घराघराला ठाऊक आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत असतात. १०० मीटर धावणे, गोळाफेक, आणि मुलांना १६०० तर मुलींना ८०० मीटर, अशी ती चाचणी. डेकॅथलॉनचेच हे गरीबाघरचे रूप म्हणावे. ज्याची निवड होते त्याच्यावर गुलाल उधळला जातो, चौकात फलक लागतो, फेटा बांधला जातो. आनंदच आहे. पण थोड्या गुणांनी राहिलेला, वयाची मर्यादा ओलांडलेला मुलगा गल्ली बदलून घरी जातो. पहाटे ज्याला 'पळ रे' म्हणून ओरडून सांगत होतो, त्याच्याशी आता काय बोलावे ते आपल्याला सुचत नाही. तो उपासनेला येईनासा होतो, आणि आपण म्हणतो की त्याची श्रद्धा कमी झाली. वस्तुतः आधी आटलेली असते ती आपली टाळी.

१५ जून २०२५ रोजी क्रीडाविश्वाच्या ज्युबिलीनिमित्त मिस्सा अर्पण करताना पोप लिओ चौदावे यांनी एका लहानशा शब्दाकडे लक्ष वेधले. इटालियन लोक खेळाडूला प्रोत्साहन देताना 'दाई' असे ओरडतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे 'दे'. खेळाडूने स्वतःला द्यावे, हा त्यांचा बोध. आम्ही एवढेच जोडू, की जो दुसऱ्याला 'दे' म्हणतो तोही देणेकरी होतो.

हे देणे फार मोठे नाही. भरतीची यादी लागेल त्या आठवड्यात, ज्याचे नाव यादीत नाही त्याच्या घरी आपण जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, पुढे काय करणार ते विचारावे, ऐकावे. पुनरुत्थित प्रभू रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाती राहिलेल्या शिष्यांच्या भेटीस असाच पहाटे किनाऱ्यावर आला होता. त्यांची नाव काठाला लागली तेव्हा निखारे आधीच पेटलेले होते, आणि मासळी व भाकर तयार होती.