आनंदीबाई: कागदांतल्या आणि कादंबरीतल्या

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली आणि डॉ. आनंदीबाई जोशी घरोघरी पोहोचल्या. वैद्यकाच्या इतिहासातले हे पान मराठी वाचकाला ठाऊक झाले ते मुख्यतः कादंबरीमुळे. वाचकांत दोन तट आहेत, तेही त्यामुळेच. एकाच्या मते बाईंचे दुःख आणि जिद्द कादंबरीनेच जिवंत केली. दुसऱ्याच्या मते खऱ्या माणसांच्या तोंडी कल्पित वाक्ये घालण्याचा हक्क कोणालाच नाही. अंजली कीर्तने यांनी पुढे कागदपत्रे धुंडाळून बाईंचे संशोधनपर चरित्र लिहिले, तेव्हा दोन्ही चित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहता आली.

खऱ्या कथेत कल्पना किती मिसळावी, हा प्रश्न जुनाच आहे. नवव्या शतकात काव्यमीमांसक आनंदवर्धनाने स्पष्ट म्हटले होते की, घडले ते नुसते सांगणे हे कवीचे काम नव्हे, ते इतिहासाने भागते. रसाला बाधक प्रसंग कवीने बदलावा. कालिदासाने तेच केले होते. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. नाटकात दुर्वासाचा शाप येतो आणि राजा दोषातून सुटतो. काव्यमीमांसक कुंतकाने या कल्पनेची वाहवा केली. पण दुष्यंताची पत्रे कोणाच्या कपाटात नव्हती. आनंदीबाईंची आहेत.

आणि कागद कधी कधी कादंबरीहून विलक्षण निघतात. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनऱ्याला लिहिलेले पत्र एका अमेरिकी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या ते १८८० साली नजरेस पडले, तेही दाताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना. कादंबरीकाराने हे रचले असते तर योगायोग फार झाला म्हणून नाक मुरडले गेले असते. गोपाळरावांचा तापटपणा रंगवून सांगितला, ही तक्रारही जपून करावी. लहानपणी नवऱ्याने फोडलेल्या लाकडांनी मारले, पुस्तके-खुर्च्या फेकल्या, हे बाईंनीच पत्रात लिहून ठेवले आहे.

संवाद, घरातली भांडणे, रात्रीची हुरहूर कादंबरीकाराने खुशाल कल्पावी. ती जागा त्याचीच. अडचण येते कारणे बदलली की. नवजात मुलगा दहा दिवसांत दगावला आणि म्हणून आई डॉक्टर झाली, अशी सरळ रेघ सर्वत्र ओढली जाते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात बाईंनी स्वतः दिलेले कारण मात्र सार्वजनिक होते: देशाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, परक्या डॉक्टरीणबाईंचा इथल्या बायकांना पुरेसा उपयोग होत नाही. शोक खरा असेलही. पण तेवढेच उरले की विचार करून निर्णय घेणारी सतरा वर्षांची बाई नुसती दुःखी आई होऊन बसते. ही चूक तपशिलाची नाही, न्यायाची आहे. मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही.

१८८६ साली फिलाडेल्फियात पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने मृत्यू, या दोन टोकांमध्ये एक वर्षही भरत नाही. एवढ्या तोकड्या आयुष्यातला हेतूच बदलला, तर हाती फारसे उरत नाही. अशा कादंबरीच्या शेवटी काय कागदांतले आणि काय मनातले, हे सांगणारे दोन पानी टिपण लेखकांनी जोडावे आणि प्रकाशकांनी ते कागद वाचवण्यासाठी गाळू नये.