गुंतवळ

दोन महिन्यांपूर्वी मी पुण्यातल्या एका सलोनमध्ये केस जोडून घेण्यासाठी वेळ ठरवली, आणि घरी सांगितलं की दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. सोलापूरहून पुण्याला, दातांसाठी. यजमानांनी काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न मलाच पडला, की खोटं बोलण्यासारखं यात काय होतं? पैसे माझ्या पेन्शनचे, डोकं माझं. मग लपवत कशाला होते?

दोन वर्षांपूर्वी टायफॉइड झाला. ताप उतरला, ताकद आली, आणि अडीच-तीन महिन्यांनी केस मुठीनं यायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज पन्नास ते शंभर केस कुणाचेही गळतात. मोठ्या तापानंतर एकदम खूप केस विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. बहुतेकांचे परत येतात. माझे निम्मे आले. उरलेल्याचं कारण वय, हे त्यांनी हळुवारपणे सांगितलं, तरी मला ते फार लागलं. भांग रुंद झाला. वेणी करंगळीएवढी राहिली. एका बारशात मावशी म्हणाल्या, ‘काय सुंदर केस होते गं तुझे!’ त्या वाक्यातलं ‘होते’ मी घरी घेऊन आले आणि कित्येक दिवस सोडलं नाही.

आता मार्गशीर्षात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. सगळं सासर एका मांडवात असणार. सलोनमधल्या मुलीनं समजावून सांगितलं, की आपल्या केसांची पातळ बट वरून-खालून दोन चिकटपट्ट्यांमध्ये धरायची, पट्ट्यांना बाहेरचे केस लावलेले असतात. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी पट्ट्या काढून पुन्हा मुळाशी बसवायच्या. मुळाजवळ तेल लावायचं नाही, पट्टी सुटते. खर्च अडतीस हजार. मग तिनं केसांचा एक जुडगा माझ्या हातात दिला. ‘रेमी आहेत मॅडम, सगळी मुळं एका बाजूला. म्हणून गुंतत नाहीत.’

तो जुडगा वजनदार होता. गार आणि जिवंत वाटला. मी विचारलं, ‘कुणाचे आहेत?’ ती थोडी गोंधळली. म्हणाली, ‘मंदिराचे असतात बहुतेक.’

मी ‘विचार करून कळवते’ म्हणून उठले. घरी येऊन पुढचे आठ दिवस वाचत बसले. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यात वाहिलेले केस देवस्थान लिलावात विकतं, ते पैसे देवस्थानाकडे जमा होतात, आणि केस टोप आणि जोडकेस होऊन जगभर जातात. २००४ साली काही कर्मठ ज्यू धर्मगुरूंनी या केसांचे टोप वापरू नयेत असा निर्णय दिला, कारण त्यांच्या मते ते मूर्तीला वाहिलेलं होतं, आणि काही ठिकाणी बायकांनी आपले महागडे टोप रस्त्यावर आणून जाळले. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सरकारनं मानवी केसांच्या निर्यातीवर बंधनं घातली. प्रत्येक माहितीबरोबर मला हलकं वाटत होतं. एका मैत्रिणीला फोनवर म्हणाले, ‘कुणा गरीब बाईनं नवसाला दिलेले केस मी मिरवू? मन घेईना.’ ती म्हणाली, ‘तू फार संवेदनशील आहेस.’ ते वाक्य मला गोड लागलं. इतकं गोड, की तिथेच मला थांबायला हवं होतं.

कारण मन घेत नव्हतं ते त्या बाईसाठी का?

आमच्या समोर आक्का राहतात. सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू विणकर घराणं, मुलगा आता इकडे राहायला आला म्हणून त्याही आल्या. गेल्या वर्षी त्यांच्या यजमानांची बायपास झाली, ते घरी आले, आणि आक्का तिरुपतीला जाऊन सगळे केस देऊन आल्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात लाडूचा प्रसाद, आणि डोक्यावर पदर नाही. मी दार उघडलं आणि माझा चेहरा पडला. त्यांनी तो पाहिलाही असेल. माझ्या आजोळी बाईच्या डोक्यावर केस नसण्याचा अर्थ एकच होता. माझी पणजी एकोणिसाव्या वर्षी सोवळी झाली. तिचं आलवण आईनं पाहिलेलं होतं. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केस कापणार नाही असं ठरवलं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आहे. शिकवताना आवाज भरून यायचा. म्हणून आक्कांना पाहून मला दया आली. त्या मात्र आनंदात होत्या.

सलोनहून आल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. खरं सांगायचं तर साक्षीदार मिळवायला गेले. त्यांनी म्हणावं, ‘माझे केस कुणी विकत घेऊन लावले तर मला वाईट वाटेल,’ एवढीच माझी अपेक्षा. आक्का म्हणाल्या, ‘दिलं की दिलं. मागनं वळून काय बघायचं? माझं असतं तर दिलं असतं का?’ मग त्यांनी नीलादेवीची गोष्ट सांगितली. देवाच्या डोक्याला घाव बसला, तिथले केस गेले. नीलादेवीनं ते पाहिलं आणि आपल्या केसांची बट तोडून त्या जागेवर लावली. देव म्हणाला, माझ्या दारात जे केस येतील ते तुझे. ‘म्हणजे देवानं पण लावलेत बघा दुसऱ्याचे,’ आक्का म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

मी चहा प्यायले. माझी ढाल गेली होती.

पण म्हणून प्रश्न संपला का? आक्कांनी स्वतःहून दिले. प्रत्येक जुडग्यामागे अशी आक्का असते असं कोण सांगेल? हे मी मनाशी घोळवत होते आणि सकाळी वेणी घालताना कंगव्यात अडकलेले केस काढून, बोटाभोवती गुंडाळून, न्हाणीतल्या डब्यात टाकत होते. तो डबा पाहून मी थबकले.

आजी हे केस भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. गुंतवळ म्हणायची. टाकायचं झालं तर त्यावर तीनदा थुंकून टाकायचं, रस्त्यावर भिरकावायचं नाही, कुणी करणी करेल. बहुतेक मात्र ती साठवायची, आणि पुरेसं झालं की त्याचं गंगावन करवून घ्यायची. सणाला तिचा खोपा भरदार दिसायचा तो त्या गंगावनामुळे. तिच्या खोप्यात तिचेच केस होते, तिच्याच गेल्या वर्षांतले. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. आम्ही नाती ते गंगावन हातात घेऊन खेळायचो.

मी गुंतवळ साठवते ते वेगळ्यासाठी. आमच्याकडे केस घेऊन भांडी देणारी एक बाई येते. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलच्या वाट्या, चमचे, पिना, फुगे. गेली सात-आठ वर्षं मी तिला गुंतवळ देते आहे. आणि दर वेळी घासाघीस करते. ती केस हातात तोलते, म्हणते, ‘वाटी नाही बसत बाई, चमचा घ्या.’ मी म्हणते, ‘मागच्या वेळी दिली होतीस.’ दिलेली नसते. एकदा उन्हाळ्यात तिनं पाणी मागितलं होतं. मी दिलं, आणि पाणी दिलं म्हणून वाटीवर अडून बसले. हे मला आठवतं आहे, त्याअर्थी तेव्हाही कुठेतरी टोचलं असणार.

तिच्या पाटीतलं गुंतवळ पुढे कुठे जातं, हे मला त्या आठ दिवसांच्या वाचनात कळलं. इथून फार लांब नाही. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात असं गुंतवळ येतं. बायका बसून ते केस न् केस सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात, धुतात, बांधतात. सलोनच्या भाषेत हा हलका माल, कारण यात मुळं आणि टोकं उलटसुलट झालेली असतात. तिरुमलाच्या न पाहिलेल्या बाईसाठी माझं मन घेत नव्हतं, आणि दारात उभ्या असलेल्या बाईला मी एका वाटीसाठी ताटकळत ठेवत होते. तिचं नाव मी आजवर विचारलेलं नाही. मग तो जुडगा नाकारताना मला कुणाची काळजी होती?

काळजी नव्हती. भीती होती. आणि ती कशाची, ते मला दातांच्या डॉक्टरांचं नाव सांगतानाच माहीत होतं.

बारा वर्षांपूर्वी याच नणंदेच्या थोरल्या मुलाच्या लग्नात माझ्या मोठ्या जाऊबाईंनी क्लिपचे केस लावले होते. त्यांचे केस बाळंतपणानंतरच विरळ झालेले. पंक्तीच्या गडबडीत पदर ओढला गेला आणि मागून क्लिप दिसली. मला दिसली. मी जवळ जाऊन सारखी करून देऊ शकले असते. मी आत गेले आणि दोघीतिघींना सांगितलं. हळू आवाजात, हसत. माझी वेणी तेव्हा कमरेपर्यंत होती. थोड्या वेळानं जाऊबाई डोक्यावरून पदर घेऊन कोपऱ्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांना कळलं होतं, हे मला कळलं होतं. बारा वर्षांत आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. दिवाळीला एकमेकींना फराळ पाठवतो.

आता त्याच मांडवात, त्याच बायकांमध्ये, माझ्या डोक्याकडे कुणीतरी तसंच पाहील, ही माझी भीती. बाकी सगळं, २००४ आणि २०२२ आणि नवसाची बाई, मी त्यावर अंथरलेलं होतं.

हे उमगल्यावर निर्णय सोपा होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. केस लावावेत ही इच्छा गेली नाही, आणि ती इच्छा वाईट आहे असंही मला वाटत नाही. आजीचं गंगावन वाईट नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमची मुळं अशक्त आहेत, पट्ट्यांचं वजन सतत ओढत राहिलं तर त्या जागचे केस कायमचे जाऊ शकतात. एखाद्या दिवसापुरतं काही लावलंत तर हरकत नाही. मी सलोनला ‘नको’ कळवलं ते या कारणासाठी. मैत्रिणीला फोन करून हे खरं कारण सांगितलं. ती जरा हिरमुसली. यजमानांनाही दातांचं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, ‘मला वाटलंच, तू पेरूसुद्धा नीट चावतेस.’

लग्नात त्या एका दिवसापुरतं काय लावायचं ते अजून ठरलेलं नाही. केसवाली बाई त्यानंतर आलेली नाही. डबा भरत चाललाय.

गेल्या रविवारी साखरपुडा होता. जाऊबाई मागच्या खोलीत विड्याची पानं पुसत बसल्या होत्या, एकट्याच. मी शेजारी बसले, एक फडकं घेतलं आणि म्हणाले, ‘थोरल्याच्या लग्नात तुमच्या केसांबद्दल आत जाऊन मी बोलले होते. मीच.’ पुढचं वाक्य मी तयार केलं होतं, ते आठवेना.

त्यांनी पानं पुसायचं थांबवलं नाही. म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी जेवलेच नव्हते. तुला आठवत नसेल.’

मला खरंच आठवत नव्हतं.