निर्णय कोणाचा, काम कोणाचं

चि. प्राजक्ता हिस,


तुझा मेल वाचला. औषधं, हृदयरोग, प्रसूती या भागांत तुला चांगले गुण पडतात, पण नीतिशास्त्र, कायदा आणि व्यवस्थापनाचे प्रश्न आले की निम्मे चुकतात, म्हणून तू हिरमुसली आहेस. ‘यात पाठ करण्यासारखं काही नाही आत्या, चारही पर्याय बरोबरच वाटतात,’ असं लिहिलंस. या भागाचं नेमकं दुखणं तेच आहे, म्हणून आज फक्त त्याच्यावरच लिहिते.

आधी एक आकडा लक्षात घे. एनक्लेक्स-आरएनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सिंग परवाना परीक्षेच्या, आराखड्यात ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’ या विभागाला १५ ते २१ टक्के वाटा आहे. इतका मोठा वाटा दुसऱ्या कुठल्याही विभागाला नाही. संमती, गोपनीयता, रुग्णाचे हक्क, कामाचं वाटप, प्राधान्यक्रम, कायदेशीर जबाबदारी हे सगळं त्यातच येतं. आपल्या मुली हा विभाग शेवटच्या आठवड्यासाठी ठेवतात, कारण तो वाचायला सोपा वाटतो. तू तो पहिल्या आठवड्यात घे.

चारही पर्याय बरोबर का वाटतात? कारण त्यातले दोन-तीन आपल्या वॉर्डात चांगली सिस्टर रोज करते. नातेवाइकांना बाजूला घेऊन समजावणं, डॉक्टर राऊंडला आले नाहीत तर ऑपरेशनची माहिती स्वतःच देणं, मावशी कामात असल्या तर बेडपॅन आपणच लावणं, आजोबांनी सही करायला नकार दिला तर मुलाची सही घेणं. यामागे माया असते, कष्ट असतात आणि माणसांची टंचाईही असते. परीक्षा मात्र दोनच गोष्टी विचारते. हा निर्णय कोणाचा? आणि हे काम कोणाचं? प्रश्न कितीही लांब असो, पर्यायांकडे पाहण्याआधी ही दोन उत्तरं स्वतःशी ठरव.

संमतीपासून सुरुवात करू. उद्या शस्त्रक्रिया असलेले गृहस्थ संध्याकाळी तुला विचारतात, ‘सिस्टर, उद्या नक्की काय काढणार आहेत हो?’ फॉर्मवर त्यांची सही झालेली आहे. तू काय करशील? तुझा हात ‘सोप्या भाषेत समजावून सांगेन’ या पर्यायाकडे जाणार, हे मला माहीत आहे. तो चूक आहे. शस्त्रक्रिया काय आहे, धोके कोणते, दुसरा मार्ग आहे का, हे सांगणं ती करणाऱ्या सर्जनचं काम. सही त्या माणसानेच केली, स्वखुशीने केली आणि करताना तो शुद्धीत व समजत्या अवस्थेत होता, एवढ्याला तू साक्षीदार असतेस. त्याला कळलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं, की सर्जनला कळवायचं. सर्जनने सांगितल्यानंतरच्या शंका सोडवणं, ऐकलेलं पुन्हा स्पष्ट करणं हे तुझं. झोपेचं औषध दिल्यानंतर घेतलेली सही चालत नाही. भाषा येत नसेल तर प्रशिक्षित दुभाषा बोलवायचा; सुनेला किंवा नातवाला मध्ये घालायचं नाही.

हे फक्त अमेरिकेतलं आहे असं समजू नकोस. समीरा कोहली खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच सांगितलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईंच्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं गेलं होतं. सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने आईची संमती पुरत नाही, असा निकाल लागला. म्हणजे तू परका कायदा शिकत नाहीस. कायदा आपल्याकडेही हेच सांगतो, वॉर्डातली सवय तेवढी मागे राहिली आहे.

आता तुला सगळ्यात जड जाणारा प्रश्न. मुलगा दाराशी गाठून सांगतो, ‘बाबांना कॅन्सर आहे हे कळू देऊ नका, ते खचतील.’ आपल्याकडे हे रोज घडतं, आणि ते वाईट मनाने कोणी म्हणत नाही. परीक्षेत मात्र मुलाला ‘बरं, नाही सांगत’ असं म्हणणारा पर्याय चूक. धावत जाऊन तूच निदान सांगणं हाही चूक, कारण निदान सांगणं डॉक्टरांचं काम. मुलाची भीती ऐकून घे, बाबांना किती जाणून घ्यायचं आहे हे बाबांनाच विचार, आणि डॉक्टरांना या संवादाची कल्पना दे. ‘मला काही सांगू नका, मुलाशी बोला,’ असं बाबाच म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय, आणि त्याचाही मान राखायचा. खोटं बोलायचं नाही ही सत्यनिष्ठा, आणि निर्णय रुग्णाचा ही स्वायत्तता. या तत्त्वांच्या व्याख्या पाठ कर, पण प्रश्नात ती अशी मुलाच्या तोंडून आणि बाबांच्या डोळ्यांतून येतात.

आयुष्याच्या अखेरीबद्दलचे प्रश्न तू कोरडेपणाने वाचू नयेस असं मला वाटतं. मुंबईत शिकलेल्या कुठल्याही नर्सला अरुणा शानबाग माहीत असतात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात, त्यांच्या कामाच्याच जागी, त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची सेवा केली. आपल्या व्यवसायाच्या इतिहासात यापेक्षा मोठं काम मला माहीत नाही. त्यांना मरण येऊ द्यावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा त्यांच्या वतीने बोलायचं कोणी हाच मुद्दा पुढे आला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे मानला आणि याचिका फेटाळली. त्याच निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याचा मार्ग तत्त्वतः मान्य केला, आणि ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्रालाही मान्यता दिली.

अमेरिकेत याच वाटेवर नॅन्सी क्रूझन हे नाव येतं. मिसुरीतली तरुण स्त्री, १९८३ च्या मोटार अपघातानंतर बेशुद्ध. तिला अन्न देणारी नळी काढावी अशी आईवडिलांची मागणी होती, पण तिची स्वतःची इच्छा काय होती याचा स्पष्ट पुरावा राज्याला मागता येतो, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरवलं. त्याच वर्षी ‘पेशंट सेल्फ-डिटरमिनेशन ॲक्ट’ झाला. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाने रुग्ण दाखल होताना त्याला आगाऊ निर्देशांच्या हक्काची माहिती लेखी द्यायची, हे त्यात आलं. म्हणून दाखल करून घेतानाच्या प्रश्नात ‘तुमचं इच्छापत्र आहे का?’ असं विचारणारा पर्याय अशुभ वाटून टाळू नकोस. रुग्णाने आरोग्यविषयक निर्णयांसाठी मैत्रिणीला अधिकारपत्र दिलं असेल आणि सख्खा भाऊ वेगळं म्हणत असेल, तर रुग्णाला बोलता येत नसताना मैत्रिणीचं ऐकायचं. आणि रुग्ण बोलू शकत असेल तर दोघांचंही नाही, रुग्णाचंच ऐकायचं.

कायद्याचे शब्द थोडेच आहेत, ते एका बैठकीत होतील. ‘इंजेक्शन घेतलं नाहीत तर बांधून देईन,’ असं म्हणणं हा धाक, तो ॲसॉल्ट. नको म्हणत असताना खरोखर दिलं तर बॅटरी. आदेशाशिवाय किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी हात बांधले तर बेकायदा अटकाव. ‘लागेल तेव्हा बांधा’ असा कायमचा आदेश मुळात वैधच नसतो. आपण ज्याला डामा म्हणतो, म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध रुग्णालय सोडणं, त्याचा प्रश्न नक्की येईल. समजत्या अवस्थेतला रुग्ण निघाला असेल तर डॉक्टरांना कळव, धोके त्याच्या कानावर जातील असं पाहा, फॉर्मवर सही माग. त्याने सही केली नाही तरी दार अडवायचं नाही, नोंद करायची. निष्काळजीपणा सिद्ध व्हायला चार गोष्टी लागतात: कर्तव्य होतं, ते मोडलं, इजा झाली, आणि मोडल्यामुळेच झाली. यातली एक कोणती गायब आहे, हेच प्रश्नात हेरायचं असतं.

रुग्ण पडला तर आधी रुग्ण तपास, मग डॉक्टर, मग कागद. चार्टमध्ये ‘रुग्ण पलंगावरून पडला’ असं लिहू नकोस; तू पडताना पाहिलेलं नाहीस. ‘रुग्ण जमिनीवर आढळला’ असं लिही. घटनेचा वेगळा अहवाल भर, पण तो भरल्याचा उल्लेख चार्टमध्ये करायचा नाही.

गोपनीयतेबद्दल एकच सांगते, कारण इथे अमेरिकेत आल्यावर तुला ते प्रत्यक्ष भोवेल. मराठी मंडळातल्या कोणी काकू फोन करतील, ‘आपल्या अमक्यांना तुमच्याकडे ॲडमिट केलंय ना, कसे आहेत?’ आपल्याकडे ही आपुलकी. १९९६ च्या हिपा कायद्याखाली, रुग्णाच्या परवानगीशिवाय तू दिलेलं उत्तर हा भंग. तुझ्याकडे नसलेल्या रुग्णाचा चार्ट नुसता काळजीपोटी उघडला तरीही भंगच.

व्यवस्थापनात जास्तीत जास्त चुका कामाच्या वाटपात होतात. आपण सगळं स्वतः करण्यात धन्यता मानतो, म्हणून दुसऱ्याला काम देणारा पर्याय आळशी वाटतो. इथे आरएन (नोंदणीकृत नर्स), एलपीएन (परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स) आणि सहायक अशी उतरंड आहे. एलपीएनसारखं नेमकं पद भारतात नाही, त्यामुळे ते मुद्दाम समजून घे. सहायकाला स्थिर रुग्णाची आंघोळ, चालवणं, नेहमीचे व्हायटल्स, इनटेक-आउटपुट देता येतं. एलपीएनला स्थिर, अपेक्षित वाटेने जाणारा रुग्ण. पहिली तपासणी, पहिलं शिक्षण, परिणामाचं मूल्यमापन आणि जिथे निर्णयबुद्धी लागते ते सगळं आरएनकडेच. भरवणं हे सहायकाचं काम; पण नुकताच पक्षाघात झालेल्या आणि गिळताना ठसकणाऱ्या आजींना भरवणं नाही. काम तेच, रुग्ण बदलला. काम दिलं तरी जबाबदारी तुझ्याकडेच राहते, म्हणून काय पाहायचं, कधी येऊन सांगायचं, हे नेमकं सांगणं आणि नंतर तपासणं वाटपातच मोडतं.

‘आधी कोणाकडे जाशील?’ या प्रश्नांत अपेक्षित काय आणि अनपेक्षित काय, हे शोध. समज चार रुग्ण आहेत: काल पित्ताशय काढलेला आणि दुखतंय म्हणणारा, साखर १९० असलेला मधुमेही, ऑक्सिजन ९० टक्के असलेला जुना सीओपीडीचा, आणि थायरॉइडच्या ऑपरेशननंतर श्वास घेताना घरघर करणारा. ९० चा आकडा पाहून मुली सीओपीडीकडे धावतात. त्याच्यासाठी ८८ ते ९२ हे चालणारं आहे. घरघर म्हणजे श्वासमार्ग बंद होतोय, तिकडे जा. वेदनेने कळवळणाऱ्याला थांबवणं मनाला लागतं, पण तो श्वास घेतोय.

सहकारी नर्सच्या तोंडाला दारूचा वास येतोय, असा प्रश्न आला तर ‘आधी तिला एकांतात समजावेन’ हा मैत्रीचा पर्याय सोडून दे. इनचार्जला लगेच कळवायचं, कारण तिच्या हातात या क्षणी रुग्ण आहेत. यात तिच्याशी वैर नाही. तिलाही मदत त्याच वाटेने मिळते.

परीक्षेच्या यंत्रणेबद्दल थोडंसं. किमान ८५, कमाल १५० प्रश्न, पाच तास. मागे जाता येत नाही. प्रश्न अवघड होत गेले म्हणून घाबरू नकोस. तुझी उत्तरं बरोबर येऊ लागली की संगणक तसंच करतो. ‘लागू असतील ते सर्व निवडा’ प्रकारात आता अर्धवट गुण मिळतात, पण चुकीची खूण बरोबर खुणेचा गुण खाते, तेव्हा खात्री असेल तेवढंच निवड.

तयारीची एकच पद्धत सांगते. एक वही कर. चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर त्यात उतरवू नकोस. तुला चुकीच्या पर्यायाकडे कोणत्या सवयीने ओढलं, ते एका वाक्यात लिही: ‘मुलगा मोठा म्हणून त्याचं ऐकलं’, ‘डॉक्टरांना त्रास नको म्हणून फोन टाळला’, ‘सगळं मीच करावं असं वाटलं’. थोड्याच दिवसांत तुला दिसेल की चुका भरपूर असल्या तरी सवयी चार-पाचच आहेत. दिवसाला वीस प्रश्न पुरेत, पण प्रत्येकाच्या चारही पर्यायांची कारणमीमांसा वाच. बरोबर आलेल्या प्रश्नांचीसुद्धा, कारण त्यातले काही नशिबाने बरोबर आलेले असतात. आणि ड्युटीवर असताना नाशिकच्या तुझ्या वॉर्डात डोळे उघडे ठेव. संमतीपत्रावर सही कोण करतंय, कोणाला विचारलं जातंय, कोणाला नाही, हे रोज तुझ्यासमोर घडतं. तिथे आजोबांना तू थेट प्रश्न विचारायला लागलीस, तर त्या आजोबांचाही फायदाच आहे.

वहीची पहिली काही पानं भरली की त्यांचे फोटो मला पाठव. दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग, आणि या महिन्यात नाइट ड्युट्या बदलून घेता आल्या तर जरूर घे.

तुझी,
आत्या