आपला वाटा आपण सोडावा

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माऊलींची पालखी निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरी पोचते. तेवढे दिवस आम्ही सारे किती शहाणे असतो! अनोळखी माणसाच्या पाया पडतो, आपल्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवतो. मग गावी परततो, आणि बांध कोरला म्हणून ज्याच्याशी अबोला धरला, तो सख्खा भाऊ समोरून आला की मान फिरवतो. मग सज्जनहो, आमचा परमार्थ वाटेतच सांडला म्हणायचा काय?

संतांचा विचार घरात उपयोगी पडावा म्हणून आहे. तो पाहायला देहूला तुकोबांच्या घरी जावे. 1630 च्या सुमारास थोर दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, पहिली पत्नी व मुलगा गेला. पुढे तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. धाकटे बंधू कान्होबा यांना प्रपंच चालवायचा होता, म्हणून खतांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला. तुकोबांनी बुडवला तो फक्त स्वतःचा.

केवढा हा विवेक! आपले वैराग्य त्यांनी भावाच्या गळ्यात बांधले नाही. आमचे मात्र उलटे. आपला वाटा घट्ट धरायचा, आणि दुसऱ्याने सोडावा म्हणून उपदेश करायचा. माळ आपल्या गळ्यात, नेमधर्म सुनेच्या माथी! घरातले सुख नासते ते इथंच.

कोणी म्हणेल, मग अन्याय सोसत बसायचं का? तसं नव्हे. मोजणी करावी, पंच बसवावे, हक्काचे मागून घ्यावे. पण जमिनीचे भांडण जमिनीपुरतेच ठेवावे. ‘मीच खरा, त्यानेच आधी बोलावे’ हा हेका मात्र आपल्या वाट्याचा. तो सोडणे आपल्याच हाती आहे.

तुकोबा गेल्यावर कान्होबांनी शोकाने रचलेले अभंग गाथेत आहेत. खतांची वाटणी झाली, प्रेमाची झाली नाही.

तेव्हा येत्या एकादशीला अन्नाबरोबर अबोलाही सोडू. भावाच्या दारी जाऊन हाक मारू. तो बोलला तर आनंदच; न बोलला, तरी आपला वाटा आपण इंद्रायणीत सोडला. रामकृष्णहरी!