उपकाराची जाण : बालसंस्काराचा एक विचार

जीवाला लाभलेल्या गोष्टींपैकी त्याने स्वतः मिळवलेल्या गोष्टी फार थोड्या असतात. देह, भाषा, पहिला घास, चालावयास शिकताना आधाराला मिळालेले बोट, हे सर्व मागितल्यावाचून मिळते. आणि मागितल्यावाचून मिळते म्हणूनच त्याचे विस्मरणही लवकर होते. ‘मुलांना केल्याची जाण नाही’ हा उद्गार आज घरोघरी ऐकू येतो. शाळेतील गुरुजनांचीही तीच तक्रार असते. परंतु तक्रार करण्यापूर्वी एका प्रश्नाचा निर्णय व्हावयास हवा. जाण ही शिकवता येते काय? येत असेल तर ती सांगून येते, की दाखवून?

‘कृतज्ञ’ या शब्दातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. कृत म्हणजे केलेले. ते जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता हे प्रथम ज्ञान आहे, भावना नंतर आणि शब्द त्याहूनही नंतर. मराठी भाषेनेही हा विवेक राखला आहे. ‘आभार’ या शब्दात भार आहे. ‘पांग फेडणे’, ‘उतराई होणे’ या प्रयोगांत ऋणाची कल्पना आहे. ‘जाण ठेवणे’ यात मात्र भारही नाही आणि फेडही नाही. केवळ ओळख आहे. खाल्ल्या मिठाला माणूस ‘जागतो’ असे म्हणतात. म्हणजे जाण नसणे ही एक प्रकारची निद्राच होय.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावात मुलाने भाकरी वाढणाऱ्या आईला ‘धन्यवाद’ म्हटले, तर ती माउली हसेल, किंवा लेक परक्यासारखे का बोलतो म्हणून क्षणभर चपापेल. तो शब्द त्या घराचा नव्हे. तेथील जाणीव निराळ्या रीतीने प्रकट होते. ताटात अन्न टाकू नये, आई जेवल्याशिवाय भांडे रिकामे करू नये, आजीला आधी पाणी द्यावे, ही त्या घरची आभाराची भाषा होय.

येथे अशी शंका येते की, शब्द नसेल तर मूल सर्व काही आपल्या हक्काचेच समजेल. तेव्हा निदान शब्द तरी शिकवावा. समाधान असे की, शब्दाला विरोध नाही. शब्द ज्ञानाच्या मागून यावा, एवढेच म्हणणे आहे. शाळेत पाच सप्टेंबरला शिक्षकदिनी मुले गुरुजनांवर भाषणे करतात. भाषण दुसऱ्याने लिहून दिलेले असते आणि टाळ्या मिळाल्या की ते विसरले जाते. दुपारी पोषण आहाराच्या पंगतीत मुले हात जोडून श्लोक म्हणतात. पण खिचडी शिजवणाऱ्या मावशी किती वाजता चूल पेटवतात, हे त्यांतील किती मुलांना ठाऊक असते? श्लोक उत्तमच आहे. परंतु जी व्यक्ती पंगतीपासून दहा पावलांवर उभी आहे, तिची ओळख न देता म्हटलेला श्लोक ओठांवरच राहतो.

जाण ही शोधाने येते, याचे थोर उदाहरण पंथाच्या इतिहासातच आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर मागे राहिलेल्या भक्तजनांपुढे असन्निधानाचा काळ उभा राहिला. ज्यांच्यापासून सर्व काही मिळाले ते दृष्टीआड झाले होते. अशा वेळी पंडित म्हाइंभटांनी स्तुतिपर काव्य रचले असते तरी ते शोभले असते, कारण विद्वत्ता त्यांच्याजवळ होतीच. त्यांनी मात्र कष्टाचा मार्ग पत्करला. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्याजवळ जाऊन विचारले. आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्यांकडून ते पडताळून घेतले. स्वामी कोठे बसले, काय आरोगिले, कोणास काय बोलले, हे सारे साध्या मराठीत नोंदवले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून गौरविला जातो. तो गौरव यथार्थच आहे. परंतु बालसंस्काराच्या दृष्टीने त्याकडे पाहिले तर त्यात कृतज्ञतेची एक पद्धतीच दिसते. उपकार मोठा होता, एवढे म्हणून तेथे कोणी थांबले नाही. तो कसा, कोठे, कोणत्या क्षणी झाला, हे एकेक करून आठवले गेले. पंथाने स्मरणाला नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा असे आलंबन दिले. स्थानांना आणि प्रसादाला वंदनीय मानले. यामागेही हेच मर्म आहे. निराधार स्मरण टिकत नाही. त्याला जागा लागते, वस्तू लागते, प्रसंग लागतो.

हीच रीत घरी आणि शाळेत चालवता येईल. याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, जाळीचा देव हे स्थान आहे. तेथे वासनिक कुटुंबे लेकरांना घेऊन दंडवतास जातात. मूल स्थानाला मस्तक लावते आणि येथे काय घडले असे विचारते. तेव्हा वडील लीळा सांगतात. मग गावातल्या वाटांची आणि तलावांची लीळा मुलाला कोणी का सांगू नये? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्रीपुरुषांनी रस्त्यांची खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, लेकरांना सुकडी भरवली. त्यांतील काही हात आजही गावोगाव ओट्यावर थरथरत टेकलेले दिसतात. ज्या वाटेने नातू शाळेत जातो, ती वाट कोणी केली, हे त्याने आजीला एकदा विचारावे. गुरुजींनी हाच गृहपाठ द्यावा. दर १७ सप्टेंबरला शाळेत ध्वज चढतो, तो १९४८ साली निजामी राजवटीतून मराठवाडा मुक्त झाला म्हणून. त्या दिवशी ठरलेल्या भाषणाऐवजी गावातील वृद्धांनी आपल्या आईबापांकडून ऐकलेली एक आठवण मुलांपुढे सांगितली, तर ते खरे ध्वजवंदन ठरेल.

पोळ्याच्या सणाचा विचारही येथे प्राप्त होतो. पशूस देवता मानून पूजणे हा अनन्यभक्तीचा मार्ग नव्हे, हे उपदेशी जनांस ठाऊकच आहे. तथापि आदल्या सायंकाळी बैलाच्या जू घासून कठीण झालेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, त्या कृतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाचा हात त्या घट्ट्यावरून फिरला की आपल्या भाकरीचा भार कोणी ओढला, हे त्याला व्याख्यानाशिवाय कळते. आता पुष्कळ घरी ट्रॅक्टर आला आणि गोठा रिकामा झाला. मातीचा बैल पाटावर येतो. त्याच्या खांद्याला घट्टा नसतो. तेथे वडिलांनी मुलाला शेतात न्यावे आणि कापूस वेचणाऱ्या मजूर बाईचे तळहात दाखवावे.

शाळेच्या बाबतीत कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण मननीय आहे. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास छात्रालय काढले. तेथे नाना जातींची मुले एकत्र राहत, आपली कामे आपण करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. त्या मुलांना कृतज्ञतेचा वेगळा पाठ द्यावा लागला नाही. काम करणाऱ्यालाच कामाचे मोल कळते.

आता या विषयातील अवघड भागाकडे वळले पाहिजे. जाण शिकवण्याच्या नावाखाली घरोघरी पुष्कळदा वसुली चालते. ‘तुझ्यासाठी आम्ही इतके केले’ हे वाक्य मुलाच्या कानी दिवसातून चार वेळा पडले की उपकाराचे कर्ज होते, आणि कर्जदार सावकारावर प्रेम करीत नाही. त्याहून दुःखद प्रकार असा की, दहावीत शिकणाऱ्या मुलीचे लग्न ठरते. तिला पुढे शिकावयाचे असते. ती तसे बोलते, तेव्हा ‘आईबापाचे उपकार विसरलीस काय’ असे विचारून तिला गप्प केले जाते. मराठवाड्यातील गावांना हा प्रसंग अपरिचित नाही. येथे कृतज्ञता हा सद्गुण राहत नाही, ती मुसकी होते. आईबापांचे उपकार खरे आहेत. परंतु उपकार करणाऱ्यास त्या बळावर लेकरू मुके करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

याविषयी महदाइसेचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे. सर्वज्ञांविषयी तिच्याइतकी उत्कट जाण असणारे भक्त थोडेच. तरीही तिने जितके प्रश्न विचारले तितके क्वचितच कोणी विचारले असतील. स्वामींनी तिच्या प्रश्नांना कृतघ्नपणा मानले नाही. उत्तरे दिली, आणि तिच्या जिज्ञासेचा गौरव केला. म्हणजे जाण आणि प्रश्न एकाच अंतःकरणात सुखाने नांदतात. परमेश्वराची कृपा तर निर्हेतुक आहे. तिची फेड जीवाकडून होऊ शकत नाही आणि ती मागितलीही जात नाही. जीवाने स्मरण ठेवून आचार शुद्ध करावा, एवढेच अपेक्षित असते. मातापित्यांनी हा कित्ता थोडा जरी गिरवला, तरी मुलावरचा भार उतरेल आणि जाण मागे उरेल.

तात्पर्य, लेकराला जाण शिकवण्याचा मार्ग वडीलधाऱ्यांच्या वागण्यातून जातो. बाप शेतावरून येऊन आपल्या म्हाताऱ्या आईशी कसा बोलतो, आई मजुरीचे पैसे बाईच्या हातावर ठेवते की तिच्यापुढे टाकते, गुरुजी शाळा झाडणाऱ्यास नावाने हाक मारतात की नाही, हे मूल मुकाट्याने पाहत असते. ज्या घरात देणाऱ्याने दिल्याचा उच्चार केला नाही आणि घेणाऱ्याने घेतल्याचे विस्मरण होऊ दिले नाही, त्या घरी जाण शिकवावी लागत नाही. तेथे लेकरू आईचा पदर धरून चालायला शिकते, तसेच जाण ठेवायलाही शिकते.