हे कुणी पाडले?

गेल्या उन्हाळ्यात दारव्ह्याहून आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसह वसईच्या किल्ल्यात जाण्याचा योग आला. आम्हा वऱ्हाडातील ख्रिस्ती माणसांना चारशे वर्षांपूर्वीच्या चर्चच्या भिंती पाहण्याचे मोठे अप्रूप! संत अंथोनीच्या नावाच्या फ्रान्सिस्कन चर्चला आज छप्पर नाही. जमिनीत मात्र कोरीव थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. त्यांवर पाय ठेवताना मन कचरते. तेथेच एका बारा वर्षांच्या मुलाने विचारले, "फादर, हे कुणी पाडलं?"

मी तयार उत्तर दिले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज निघून गेले, चर्च ओस पडले. वास्तविक ओस पडलेल्या वास्तूला पाडण्यासाठी शत्रू लागत नाही, पाऊस आणि पिंपळ पुरे होतात. पण हे मी बोललो नाही. मुलाच्या चेहऱ्यावर कुणाविषयी तरी राग उमटलेला मी पाहिला आणि तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी बोरिवलीजवळील मंडपेश्वरची लेणी पाहिली. ही मूळची शैव लेणी. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी त्यांचे चर्च केले. वरच्या बाजूस त्यांच्या मठाच्या भिंती उभ्या आहेत. खाली लेण्यात शिवलिंगाची पूजा चालते. आणि बाहेरील भिंतीवर मूळ शिल्प तासून कोरलेला एक क्रूस आहे. तो मुलगा क्रूसासमोर उभा राहिला, नेहमीच्या सवयीने त्याचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. या वेळी त्याने मला काहीच विचारले नाही.

पूर्वजांचे पाप वंशजाच्या माथी येत नाही, हे सेमिनरीत आम्ही शिकलो आणि ते खरेच आहे. परंतु वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झाले, त्यांना आपण अभिमानाने 'आपले' म्हणतो. तो अभिमान आपला, आणि ती छिन्नी मात्र परक्याची, असे म्हणता येईल काय? वारसा घ्यायचा तर घरावरच्या कर्जासकट घ्यावा लागतो. २००० सालच्या जयंती वर्षात पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. ती करताना, हे माझ्या काळात घडलेले नाही, अशी सबब त्यांनी पुढे केली नाही.

येथे मला कल्याण आठवते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने तेथे ख्रिस्ती लोक आणि त्यांचा बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. पोर्तुगीजांच्या हजार वर्षे आधीची ही ख्रिस्तसभा! तिला ना किल्ला होता, ना तोफा. म्हणूनच कदाचित आपण सहलीला तिच्याकडे जात नाही. पाहण्यासारखे तेथे काही उभे नाही.

परतताना नाशिकला नारोशंकराच्या मंदिरातील घंटा पाहिली. वसईच्या विजयानंतर आणलेली ही घंटा. तिच्यावर १७२१ हे वर्ष आहे. आमच्यातील एका आजीबाईंचे डोळे भरून आले. "फादर, ही आपली घंटा. परत मागायला नको का?" त्यांच्या दुःखाला मी हसू शकत नव्हतो. मात्र मंडपेश्वरचे तासलेले शिल्प कोण परत देणार, हे त्यांना विचारण्याचे धैर्यही मला झाले नाही. "बघू," एवढेच म्हणालो.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात मी त्या मुलाला उभे केले आणि सर्वांसमोर सांगितले की, वसईत मी तुला अर्धेच उत्तर दिले होते. मग उरलेले अर्धे सांगितले. पावसाचे, पिंपळाचे आणि छिन्नीचेही. तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "आजीला पण सांगा ना, फादर."

आजीबाई बाहेर ओसरीत बसल्या होत्या.